टॉर्च बंद केली, तिथेच मी फसले

जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या खरेदीत माझे २०,००० रुपये गेले. त्यावर लॅबचे आणि कुरियरचे मिळून २,८२० गेले. एकूण २२,८२०. घरात मी बारा हजारच सांगितलेत, अजूनही. हे लिहायला एवढे दिवस लागले ते त्याच लाजेपायी. पण परवा जे दिसलं त्यानंतर गप्प बसवेना.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते, सोळा वर्षं झाली. उजेड, सावली, रंग या गोष्टी मला नव्या नाहीत. नवी होती ती फिल्म. बाबांकडे एक कॅमेरा होता, त्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल पडायचा, आणि दर चवथीला ते माटोळीचा, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतो त्या चौकटीचा, एक फोटो काढायचे. तसे नऊ फोटो घरात आहेत, सगळे कृष्णधवल. दहावा मी काढायचा, असं मनात होतं. आईचं वय ऐंशीच्या पुढे. अजून माटोळीला कुठलं फळ कुठे बांधायचं ते तीच सांगते.

म्हणून शोध सुरू केला आणि ती जाहिरात दिसली. ‘नवशिक्यांसाठी पूर्ण किट.’ पेंटॅक्स के१००० आणि ५० मिमी एफ/२ लेन्स मिळून ९,५००. लांबचं जवळ आणणारी १३५ मिमीची लेन्स ४,२००. पिवळा, लाल आणि चकाकी घालवणारा पोलरायझर असे तीन फिल्टर १,८००. ४०० आयएसओचे सहा ‘ताजे’ रंगीत रोल, ५५० चा एक, म्हणजे ३,३००. शटर नुकतंच सर्व्हिस केल्याचे १,२००. बेरीज बरोबर वीस हजार. ५ ऑगस्टला २,००० आगाऊ पाठवले, यूपीआयने.

‘काकांचं कपाट आवरताना सापडला, मला यातलं काही कळत नाही’ म्हणणारे विक्रेते आपण सगळ्यांनी पाहिलेत. ‘मी फौजेत आहे, बदली झाली’ म्हणणारेही. त्यांच्यापासून मी लांबच राहिले होते. हा माणूस उलटा होता. त्याला सगळं कळत होतं. के१००० हा १९७६ ते १९९७ पर्यंत बनत होता, बॅटरी गेली तरी फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो, शटर चालतं, हे त्याने न विचारता सांगितलं. आणि ते खरं आहे. नव्वद टक्के खरं बोलणाऱ्या माणसाचं उरलेलं दहा टक्के कोण तपासतं? मला मूर्ख म्हणण्याआधी एवढा विचार करा.

८ ऑगस्टला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आम्ही एका कॅफेत भेटलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाहेर धो धो पाऊस. त्याने टेबलावर निळं कापड पसरलं आणि एकेक वस्तू मांडली. मी पाठ करून गेले होते ते सगळं केलं. मागचं झाकण उघडून एक सेकंदापासून एक हजारांशापर्यंत शटर वाजवून पाहिलं. ठीक होतं. सांगायचं कारण, मी आंधळेपणाने पैसे दिले नाहीत.

मग १३५ ची लेन्स उचलली. चामड्याच्या डब्यात होती. डबा उघडताच पावसाळ्यात बंद कपाटाला येतो तसा कुबट वास आला. मी मोबाईलची टॉर्च लावली आणि लेन्सच्या मागे धरणार, तेवढ्यात त्याने तळहात मध्ये घातला. “ताई, एवढ्या जवळून लाईट मारू नका. जुनं कोटिंग असतं, उष्णतेने जातं.”

आणि मी टॉर्च बंद केली.

रोज रात्री मला तो क्षण आठवतो. मोबाईलच्या एलईडीला कसली आलीय उष्णता? सूर्याचा फोटो काढणारी काच टॉर्चने जळते का? मी सातवीच्या मुलांना प्रकाश शिकवते. तो वास माझ्या नाकात होता, हातात टॉर्च होती, समोर काच होती, आणि एका अनोळखी माणसाच्या आवाजातल्या काळजीने मी ओशाळले. त्याची वस्तू माझ्या हातून खराब होईल म्हणून ओशाळले! “सॉरी” म्हणाले मी त्याला.

घरी येऊन रात्री पाहिलं. एफ/२.८ ला, म्हणजे आतली उजेड कमी-जास्त करणारी पाती पूर्ण उघडी ठेवून, टॉर्च मागून तिरकी धरून. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, मधोमध एक चांदणीसारखा फाटा फुटलेला डाग. बुरशी. वरवरची असती तर कारागिराने पुसली असती, पण ही बरीच जुनी. कोटिंग खाल्लेलं, काच पुसल्यावरही ठसा राहणार असं नंतर दाखवलं तेव्हा कळलं. आपल्या हवेत चामड्याच्या डब्यात लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दुसरं काही नको. जो विक्रेता टॉर्च लावू देत नाही त्याच्यासमोरून उठा. चहाचे पैसे देऊन उठा.

त्याच रात्री त्याला फोन केला. “ताई, एवढी बुरशी सगळ्याच जुन्या लेन्सना असते, फोटोत दिसत नाही.” उजेडाकडे तोंड केलं की सगळं चित्र दूध सांडल्यासारखं पांढुरकं येतं, तेही मग ‘जुन्या लेन्सचं सौंदर्य’ झालं. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

आता ओळीने जे जे निघालं ते लिहिते. फिल्टर ५२ मिमीचे, माझ्या ५० च्या लेन्सचा व्यास ४९. बऱ्याच लेन्सच्या पुढच्या कडीवर, गोलावर तिरकी रेघ असलेल्या खुणेशेजारी तो आकडा कोरलेला असतो. मी तो तपासलाच नव्हता. लाल आणि पिवळा फिल्टर कृष्णधवल रोलसाठी असतात. पिवळ्याने निळं आभाळ थोडं गडद होतं, ढग उठून दिसतात. लाल तर जवळपास तीन स्टॉप उजेड खातो, म्हणजे आठवा हिस्साच आत येतो. रंगीत रोलवर लाल लावलात तर सगळी फ्रेम लाल. रंगीत रोलबरोबर कोणी लाल फिल्टर विकत असेल तर त्याला तुमच्या फोटोंशी काही देणंघेणं नाही. आणि पोलरायझर? पुढची बाजू लॅपटॉपच्या पडद्याकडे करून फिरवा. एका कोनात पडदा काळा पडला पाहिजे. माझा गोल गोल फिरवला, पडदा होता तसाच. करडी काच होती नुसती. मांडवीच्या पाण्यावरची चकाकी घालवायला घेतला होता मी तो.

खरं तर पहिल्या वर्षी एकही फिल्टर लागत नाही. १३५ ची लेन्सही लागत नाही. एक स्वच्छ ५० पुरे. तिची पाती तेलकट नाहीत ना ते बघा, मागची छोटी कळ बोटाने सरकवून सोडली की पाती झटकन हलली पाहिजेत, रेंगाळता कामा नयेत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर सहा हजार तिथेच वाचले असते.

पण लेन्स आणि फिल्टर यांचं दुःख मी गिळलं असतं. रोलचं गिळवत नाही.

५० ची लेन्स बरी होती, म्हणून २७ ऑगस्टला चवथीला तीच लावून चार रोल काढले. माटोळीचे, आईच्या हातांचे, आरतीचे. आई स्टुलावर बसून नारळांचा घोस कुठे बांधायचा ते सांगतेय, असे सात-आठ. रोल मुंबईच्या एका लॅबला पाठवले. चौथ्या दिवशी फोन. “मॅडम, हे तुम्ही कुठून घेतलेत? ही सिनेमाची फिल्म आहे. आमच्या नेहमीच्या मशीनमध्ये घातली असती तर सगळ्यांचं केमिकल खराब झालं असतं.”

सिनेमाच्या जुन्या रंगीत फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असायचा, त्याला रेमजेट म्हणतात. तो काढायची प्रक्रिया वेगळी. जुन्या रिकाम्या कॅसेटच्या तोंडाशी उरलेल्या तुकड्याला सेलोटेपने ही फिल्म जोडून गुंडाळली होती, आणि वर ‘ताजा रंगीत ४००’ म्हणून छापील स्टिकर. वेगळ्या प्रक्रियेचे एका रोलला ६५०, चारचे २,६००, कुरियर २२०. निगेटिव्ह आले. काठावर आकडा होता ५२१९, म्हणजे कोडॅकची व्हिजन३ ५००टी, दिव्याच्या उजेडासाठी बनवलेली. दिवसाच्या उजेडात ती निळी येते. शिवाय किती वर्षं कुठल्या उन्हात पडली होती देव जाणे, सगळ्यावर जाड धुकं. आईचा चेहरा ओळखू येतो, बस्स. माटोळीतली फळं निळसर करड्या ठिपक्यांसारखी दिसतात.

सिनेमाची फिल्म भरून विकणं गुन्हा नाही. सरळ तसं सांगून विकणारे आहेत, आणि ती चांगली येते. लेबल खोटं, हा गुन्हा. आणि मला दिसत होतं! रोलचं पुढचं टोक कात्रीने वेडंवाकडं कापलेलं होतं, कारखान्यातलं नीट गोलाईत असतं. मागची बाजू काळीकुट्ट. कॅसेटवरचे, रोल कुठला ते कॅमेऱ्याला सांगणारे चंदेरी-काळे चौकोन स्टिकरखाली झाकलेले. खोका नाही, मुदतीची तारीख नाही. मी विचारलंही, तर म्हणाला मोठ्या रिळातून भरलेत म्हणून स्वस्त. दुकानात असाच रोल मी हजाराच्या वर पाहिला होता. स्वस्त मिळतंय म्हणून मी माझेच डोळे मिटले, हे कबूल. शंका आली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापूस भिजवून टोकाची मागची बाजू पुसा. काजळी आली की समजा.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात मी तासभर बाकावर बसले. साहेब बंदोबस्तात. मग एका शिपायाने विचारलं, “कॅमेरो मेळ्ळो न्हय तुका? मागीर कसली फटवणूक?” मी निगेटिव्ह दाखवले. त्याने ते उजेडाकडे धरून बोटांनी पुसले. आधीच कमी होतं म्हणून त्यावर ठसे. म्हणाला, वस्तू मिळाली म्हणजे दिवाणी बाब, वकिलाकडे जा. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले. ते म्हणाले व्यवहार झाला ती हद्द आमची नाही. मी वाचून गेले होते. म्हटलं, जुनं ४२० ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि हद्द नसली तरी तक्रार नोंदवून पुढे पाठवायची तरतूद नव्या कायद्यात आहे. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच आरोपी. “टीचर काय तुम्ही? शिकवा की मग.”

दुसऱ्या ठाण्यात गेले, शाळेची अर्धी रजा टाकून. तिथे अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र तयार नाहीत. पोच मागितली तर “विश्वास नाही का?” तीन खेपा घातल्या पोचेसाठी. शिक्का मिळाला १० ऑक्टोबरला. त्यानंतर एकही फोन नाही. वीस हजार म्हणजे माझ्यासाठी किती, हे त्या टेबलापलीकडे कोणालाच कळत नव्हतं. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. ज्या खात्यात गेले त्याच्या मालकाचं नाव तरी द्या म्हटलं, तर गोपनीयता. त्याची गोपनीयता! लुटणाऱ्याच्या नावाला जपतात, आणि माझं नाव, शाळा, पत्ता सगळा त्या अर्जावर, काउंटरवर उघडा पडलेला.

पैसे पाठवल्यावर तासाभरात शंका आली तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, थांबू नका. मी लेन्स पाहिली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते, पैसे दिले होते चारला, आणि मी फोन केला तो त्यालाच. जाहिरातीचे, बोलण्याचे स्क्रीनशॉट भेटीआधी काढून ठेवा, नंतर जाहिरात गायब होते. आगाऊ रक्कम कितीही छोटी असो, देऊ नका. दोन हजार दिले की उरलेले अठरा देताना मन आधीच बांधलेलं असतं.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. नाव दुसरं, नंबर दुसरा, टेबलावर तेच निळं कापड. ‘नवशिक्यांसाठी पूर्ण किट’, किंमत १९,८००, आता रोल आठ. मी तक्रार केली, तरी जाहिरात तशीच आहे. फोटोत १३५ ची लेन्स चामड्याच्या डब्यात आहे. तुमच्यापैकी कोणी त्याला भेटायला जाणार असेल तर मला आधी कळवा. मी बरोबर येते. टॉर्च मी धरते.