ब्रिक्स्टन स्थानकावरचा निळा काळोख

लंडनच्या ब्रिक्स्टन भुयारी रेल्वे स्थानकाच्या प्रवेशद्वारावर २०१९ साली चित्रकार डेन्झिल फॉरेस्टर यांचे ‘ब्रिक्स्टन ब्लू’ हे भव्य चित्र लागले. कॅरिबियन वंशाच्या लोकांनी घडवलेल्या या वस्तीत, रोजच्या प्रवाशांच्या डोक्यावर नाचणाऱ्यांची गर्दी उभी करणे ही मला अत्यंत योग्य निवड वाटते.

फॉरेस्टर यांचा जन्म १९५६ मध्ये ग्रेनाडा बेटावर झाला आणि लहानपणीच ते लंडनला आले. १९८०च्या सुमारास जाह शाकासारख्या तबकड्या वाजवणाऱ्यांच्या साऊंड सिस्टिमवर (मोठ्या ध्वनिवर्धकांच्या संचावर) रात्रभर डब, म्हणजे रेगेतून निघालेले, बास आणि प्रतिध्वनीवर भर देणारे संगीत वाजणाऱ्या क्लबांमध्ये ते मोठे कागद घेऊन जात. तिथल्या काळोखात समोरचा कागदही धड दिसत नसे, म्हणून एक तबकडी वाजत असेपर्यंत हात चालवायचा आणि ती संपली की रेखाटनही थांबवायचे, अशी त्यांची रीत होती. दुसऱ्या दिवशी त्याच रेखाटनांवरून मोठी तैलचित्रे आकार घेत. त्यामुळे त्यांची गर्दी बाल्कनीतून पाहिलेली वाटत नाही. ‘कार्निव्हल डब’ (१९८४) या चित्रातही कोणाचा हात कोणाचा हे शोधत बसावे लागते, कारण गर्दीत शिरलेल्या माणसाला ती तशीच दिसते.

‘ब्रिक्स्टन ब्लू’ हे त्यांच्याच १९८२ सालच्या ‘थ्री विकेड मेन’ या चित्राचे नवे रूप आहे. मूळ चित्र आता टेट संग्रहालयाकडे आहे. नाचणाऱ्यांच्या मधोमध पोलीस उभा आहे, आणि तो केवळ रचनेच्या सोयीसाठी आलेला नाही: फॉरेस्टर यांचा परिचित विन्स्टन रोझ १९८१ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला होता. उत्सवाची चित्रे काढणारे अनेक चित्रकार रंगांच्या उधळणीवर थांबतात. फॉरेस्टर मात्र आनंद आणि धास्ती एकाच निळ्या-जांभळ्या प्रकाशात ठेवतात, आणि म्हणूनच ते मला आजच्या चित्रकारांमध्ये फार महत्त्वाचे वाटतात.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. स्थानकावर लागलेली ही छापील प्रतिकृती होती आणि ती उंचावर होती. तैलरंगांचा थर आणि कुंचल्याचा घाईचा फटकारा तिच्यात सपाट झाला होता. शक्य असेल त्यांनी त्यांची मूळ चित्रे दालनात, कॅनव्हासपासून दोन हातांवर उभे राहून पाहावीत. तिथे काळोखातल्या रेघेचा वेग अजून टिकून आहे.