चार्जर शंभर वॅटचा, लॅपटॉप घेतो साठच: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मूळ चार्जरची केबल प्लगच्या मुळाशी तुटली नसती, तर या लॅपटॉपबद्दल मी बहुतेक चांगलेच लिहिले असते. पडद्याचे रंग, कळफलकाचा स्पर्श, बॅटरीचा टिकाऊपणा आणि पंख्याचा जवळजवळ न जाणवणारा आवाज या कोणत्याही बाबतीत माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. त्याची तांत्रिक वैशिष्ट्ये सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे ती इथे पुन्हा देत नाही. चार्ज होण्यासाठी त्याला यूएसबी-सी पोर्ट आहेत, ते ‘पॉवर डिलिव्हरी’ (कोणत्याही कंपनीचा चार्जर आणि यंत्र यांनी वीज किती घ्यायची-द्यायची हे आपसात ठरवण्याचे सामायिक) मानक पाळतात असे कंपनीनेच माहितीपत्रकात लिहिले आहे, आणि मी हे यंत्र निवडण्यामागे ते एक मोठे कारण होते, एवढे सांगणे मात्र आवश्यक आहे. फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप यांना मिळून एकच चार्जर असावा, जुना बिघडला तर बाजारात मिळेल तो चांगला चार्जर आणता यावा आणि प्रत्येक यंत्राबरोबर वेगळी वीट वागवावी लागू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

मूळ चार्जरची केबल त्याच्या ठोकळ्यालाच कायमची जोडलेली असल्यामुळे नुसती केबल बदलता येत नाही. केबलचे दोन सेंटिमीटर खराब झाले की संपूर्ण चार्जर टाकून द्यावा लागतो. कंपनीचा नवा चार्जर एका नावाजलेल्या अन्य कंपनीच्या तेवढ्याच क्षमतेच्या चार्जरपेक्षा दुपटीहून महाग होता, म्हणून मी दुसरा घेतला. तोही शंभर वॅटचाच होता, त्याला प्रमाणपत्र होते आणि त्याच्यासोबत पाच अँपिअरची वेगळी केबल होती. तो जोडून लॅपटॉप सुरू करताच पडद्यावर सूचना आली की कमी क्षमतेचा चार्जर जोडलेला आहे, पूर्ण कार्यक्षमतेसाठी कंपनीचा अस्सल चार्जर वापरावा. ही सूचना आपोआप जात नाही. कळ दाबेपर्यंत यंत्र तिथेच थांबून राहते आणि दर वेळी सुरू करताना ती पुन्हा येते.

सूचना मी एकवेळ सहन केली असती, परंतु तिच्यामागोमाग यंत्र खरोखरच मंद झाले. व्हिडिओ संपादनासारखे जड काम सुरू केले की चार्जर लावलेला असतानाही बॅटरी उतरू लागे आणि प्रोसेसरचा वेग एका ठरावीक मर्यादेच्या वर जात नसे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मी तेच काम चार्जर काढून करून पाहिले, तर वेग वाढला. चार्जर जोडल्याने यंत्र मंद होते आणि काढल्याने वेगवान होते, ही स्थिती विजेच्या तुटवड्याने समजावता येत नाही. भरलेल्या बॅटरीवर एकट्याने जे काम होते, ते त्याच बॅटरीला साठ वॅटचा आधार मिळाल्यावर अडण्याचे काहीच कारण नाही.

नेमके काय होत आहे हे पाहण्यासाठी मी केबलच्या मध्ये जोडायचा छोटा यूएसबी पॉवर मीटर लावला. २० व्होल्टला प्रवाह ३ अँपिअरच्या आतच राहत होता, म्हणजे जेमतेम साठ वॅट. हा आकडा पाहिल्यावर जाणकाराचा पहिला संशय केबलवर जातो आणि तो योग्यच आहे. तीन अँपिअरहून अधिक प्रवाहासाठी केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप असावी लागते. ती नसेल तर चार्जर स्वतःहूनच तीन अँपिअरच्या पुढे देऊ करत नाही, आणि साध्या केबलने शंभर वॅटचा चार्जर साठ वॅटचा होतो. पण तोच चार्जर आणि तीच केबल एका वेगळ्या कंपनीच्या लॅपटॉपला जोडल्यावर मीटरवर साडेचार अँपिअरहून अधिक प्रवाह दिसला. चार्जर निर्दोष, केबल निर्दोष. आखडता हात होता तो माझ्या लॅपटॉपचा.

पॉवर डिलिव्हरीची रचना समजून घेतली की हे अधिक स्पष्ट होते. या पद्धतीत आपण कोणते व्होल्टेज किती प्रवाहासह देऊ शकतो याची यादी चार्जर आधी पाठवतो, यंत्र त्या यादीतून आपल्याला हवे ते मागते आणि चार्जरने होकार दिल्यावर वीज सुरू होते. मागणी नेहमी यंत्राची असते. माझ्या चार्जरच्या यादीत २० व्होल्टला ५ अँपिअर होते आणि लॅपटॉप ३ मागत होता. याच मानकात उत्पादकाला स्वतःचे खासगी संदेश पाठवण्याची तरतूद आहे, आणि आपल्या चार्जरची ओळख अशा संदेशातून पटवून घेतल्यावरच यंत्र पूर्ण मागणी करत असावे, असा माझा निष्कर्ष आहे. गोल पिनच्या जुन्या चार्जरांच्या काळातही काही कंपन्या मधल्या बारीक तारेतून चार्जरमधली ओळखचिप वाचत असत आणि ती वाचता आली नाही तर बॅटरी भरणेच थांबवत असत. सामायिक पोर्ट आला म्हणजे तो प्रकार संपला, असे मी गृहीत धरले होते.

ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार या सगळ्या अनुभवातला सर्वांत त्रासदायक भाग आहे. पहिल्या उत्तरात अस्सल चार्जर वापरावा असे लिहिले होते. मी मीटरची छायाचित्रे पाठवली, दुसऱ्या लॅपटॉपवरचे आकडे दिले आणि विचारले की माहितीपत्रकात पॉवर डिलिव्हरी लिहिले असताना प्रमाणित चार्जरकडून साठ वॅटच का घेतले जातात. त्यावर तेच वाक्य पुन्हा आले, आणि जोडीला अन्य कंपनीची उपकरणे वापरल्यास वॉरंटी बाधित होऊ शकते असा इशाराही आला. वॉरंटीतील नेमके कोणते कलम असे म्हणते हे मी लेखी मागितले. ते मिळाले नाही, कारण संपूर्ण वॉरंटीपत्र वाचून काढले तरी तसे कलम त्यात नाही. अन्य उपकरणामुळे झालेले नुकसान आम्ही भरून देणार नाही, एवढेच त्यात आहे आणि ते रास्त आहे. नुकसान झाले तर जबाबदारी नाही म्हणणे आणि वापरलेत तर वॉरंटीच जाईल म्हणणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने, विशिष्ट ब्रँडचीच वस्तू वापरण्याच्या अटीवर वॉरंटी बांधण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे, आणि २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा भाषेबद्दल सहा कंपन्यांना इशारापत्रे पाठवली होती. तो कायदा तिथल्यापुरता आहे, परंतु हा प्रश्न किती जुना आहे हे त्यावरून कळते.

कंपनीची बाजू मी मनापासून विचारात घेतली आहे, कारण निकृष्ट चार्जर आणि केबल यांचा धोका खरा आहे. गूगलमधील अभियंता बेन्सन ल्यूंग यांनी २०१५ पासून यूएसबी-सी केबल विकत घेऊन तपासण्याचे काम हाती घेतले. अनेक केबलींमध्ये ५६ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा रोधक बसवलेला त्यांना आढळला, ज्यामुळे यंत्र समोरच्या पोर्टच्या कुवतीपेक्षा अधिक प्रवाह ओढू शकते. २०१६ मध्ये तर चुकीच्या जोडणीच्या एका केबलने त्यांचा स्वतःचा लॅपटॉपच निकामी केला. तेव्हा अनोळखी उपकरणाबाबत सावध राहणे गैर नाही. पण या धोक्यावरचा उपाय ब्रँडशी बांधलेला असण्याची गरज नाही: यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या संघटनेने जानेवारी २०१९ मध्येच यूएसबी-सी उपकरणांची ओळख सांकेतिक पद्धतीने पडताळण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता, आणि त्यात समोरचा चार्जर प्रमाणित आहे का हे तपासता येते, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. शिवाय माझा लॅपटॉप अनोळखी चार्जरकडून २० व्होल्ट, म्हणजे त्या यादीतले सर्वोच्च व्होल्टेज, निःशंकपणे घेत होता. व्होल्टेज चार्जर देतो आणि प्रवाह यंत्र ओढते. चार्जर यंत्राला इजा करील ती मुख्यतः व्होल्टेजच्या बाजूने. ज्या बाजूने धोका आहे तिथे विश्वास ठेवायचा आणि जिथे यंत्राचे स्वतःचे नियंत्रण आहे तिथे संशय घ्यायचा, याला सुरक्षितता म्हणता येत नाही.

संगणकांच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलेले नाही. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत परिपथांचे आराखडे आणि यंत्र सुरू करणाऱ्या ‘बायोस’ या मूळ आज्ञावलीचा स्रोत छापून दिला होता, त्यामुळे असंख्य लहान कंपन्यांना त्यासाठी आत बसवायची जोडकार्डे बनवता आली आणि त्या कार्डांमुळेच पीसी घेण्यासारखा झाला. पुढे १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेसोबत त्याच कंपनीने अशा कार्डांसाठी मायक्रो चॅनल ही परवाना आणि शुल्क लागणारी जोडणी आणली. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ईसा नावाचा पर्याय जाहीर केला आणि मायक्रो चॅनल मागे पडले. त्या मालिकेतले जे सर्वांनी उचलले ते कळफलक आणि माउसचे छोटे गोल पोर्ट मात्र पुढे कित्येक वर्षे जवळपास प्रत्येक संगणकावर दिसत राहिले. जुने थिंकपॅड लॅपटॉप वापरलेल्यांना ‘१८०२’ ही त्रुटी आठवत असेल: बायोसच्या यादीत नसलेले वायफाय कार्ड बसवले की यंत्र सुरू होण्याचेच नाकारत असे. रेडिओ उपकरणाला अँटेनासह मान्यता घ्यावी लागते हे त्यामागचे कारण सांगितले जाई, आणि त्यात तथ्यही होते. पण तेच कार्ड इतर अनेक लॅपटॉपांत अडथळ्याविना चालत असे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर एक बदल झाला आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. कंपनीने फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या भागांना चालवणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीची, नवी आवृत्ती दिली, तिच्या माहितीत चार्जर-सुसंगततेत सुधारणा एवढाच उल्लेख होता. ती बसवल्यानंतर सुरुवातीची सूचना नाहीशी झाली, तोच चार्जर आणि तीच केबल असताना मीटर ४.६ अँपिअर दाखवू लागला आणि प्रोसेसरवरची मर्यादाही उठली. मला मनापासून आनंद झाला. यंत्र परत विकण्याचा विचार मी सोडून दिला आणि ज्या अभियंत्यांनी हे काम करून घेतले त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र या आनंदाबरोबरच माझे मूळ मत अधिक पक्के झाले. लॅपटॉपमधला एकही स्क्रू न उघडता, एकही भाग न बदलता अडचण दूर झाली. म्हणजे पोर्ट, तारा आणि चार्जिंगचा परिपथ पहिल्या दिवसापासून शंभर वॅट घेण्यास समर्थ होते आणि अडवणूक फक्त आज्ञावलीत होती. ग्राहक सेवेने ज्याला वॉरंटीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न म्हटले, तो कोणीतरी घेतलेला निर्णय होता आणि कोणीतरी तो मागे घेतला. तो पुढच्या एखाद्या आवृत्तीत परत लादला जाणार नाही याची कोणतीही हमी माझ्याकडे नाही, म्हणून फर्मवेअर आपोआप अद्ययावत होण्याची सोय मी बंद ठेवली आहे. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्य नाही हे मला कळते. दर वेळी नव्या आवृत्तीची माहिती वाचून मगच ती बसवतो.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशाने (क्रमांक २०२२/२३८०) या बाबतीत निश्चित भूमिका घेतली आहे. यूएसबी-सी पोर्ट तर बंधनकारक केलाच, शिवाय कंपनीने स्वतःची वेगळी चार्जिंग पद्धत ठेवली तरी पॉवर डिलिव्हरीची संपूर्ण कार्यक्षमता मिळालीच पाहिजे अशी अट घातली. फोनसारख्या उपकरणांना हे २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाले आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. माझ्या यंत्राचे फर्मवेअर याच कारणाने बदलले की नाही हे कंपनीने सांगितलेले नाही. पोर्टचा आकार सारखा असून भागत नाही, त्यातून मिळणारी वीजही सारखी हवी, हे त्या निर्देशात लिहिलेले आहे आणि माझी तक्रार नेमकी तीच होती.

नवा लॅपटॉप घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की आपला पाच अँपिअरच्या केबलसह चालणारा चार्जर सोबत न्यावा, बॅटरी अर्धी उतरलेली असताना तो जोडून जड काम चालवावे आणि शक्य असल्यास मीटर लावून पाहावे. नुसते चार्जिंगचे चिन्ह दिसले म्हणून विश्वास ठेवू नये, कारण साठ वॅटलाही ते चिन्ह तसेच दिसते. शंभर वॅटहून अधिक लागणाऱ्या यंत्रांबाबत आणखी जपावे: २०२१ मध्ये पॉवर डिलिव्हरीची मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढली, तरी काही कंपन्या २० व्होल्टलाच पाचपेक्षा अधिक अँपिअर देणारी स्वतःची मानकाबाहेरची पद्धत वापरतात, आणि तिथे दुसरा कोणताही चार्जर पूर्ण वीज देऊच शकत नाही.

डॉकचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मॉनिटर, नेटवर्क आणि कळफलक एकाच केबलने लॅपटॉपला जोडण्यासाठी मी अन्य कंपनीचा डॉक, म्हणजे अनेक पोर्टांचा जोडठोकळा, वापरतो. तो पॉवर डिलिव्हरीने शंभर वॅटच्या चार्जरमधून लॅपटॉपला पंच्याऐंशी देऊ करतो, पण त्याच्यामार्फत लॅपटॉप अजूनही साठ वॅटच मागतो. नव्या फर्मवेअरने चार्जरचा अडथळा काढला आणि डॉकचा तसाच ठेवला, असे का, हे मी पुन्हा लेखी विचारले आहे. तोपर्यंत डॉक एका पोर्टला आणि चार्जर दुसऱ्या पोर्टला थेट लावून काम चालवतो. दोन्हींपैकी अधिक क्षमतेचा स्रोत लॅपटॉप आपोआप निवडतो. त्यामुळे काम अडत नाही, फक्त दोनच यूएसबी-सी पोर्ट असलेल्या या यंत्राचे दोन्ही पोर्ट त्यात व्यापले जातात आणि बाहेरची डिस्क जोडायची झाली की ती डॉकलाच जोडावी लागते.