मॅनिटॉल की तीन टक्के सलाईन?

रात्रपाळीच्या ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, ‘मोठा स्ट्रोक आहे, मेंदूची सूज वाढतेय. काय लावू?’

पर्याय दोन: मॅनिटॉल, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेच्या जातीचं द्रव्य, किंवा तीन टक्के सलाईन, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मीठ असलेलं सलाईन. आधी मेंदूत पाणी शिरतं कुठून ते बघू. ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचे पाय रक्तवाहिन्यांना विळखा घालून असतात आणि त्यांवर ॲक्वापोरिन-४ नावाची पाण्याची दारं दाटीने असतात. सुरुवातीला पेशी फुगतात त्या यातूनच. २००० साली ही दारं नसलेल्या उंदरांत स्ट्रोकनंतर सूज कमी दिसली होती. पण पुढे साचलेलं पाणी बाहेर पडायलाही हीच दारं लागतात, म्हणून ती नुसती बंद करून भागत नाही. आपली दोन्ही औषधं दारांना हात लावत नाहीत. ती रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण वाढवून मेंदूतलं पाणी रक्तात ओढतात.

रक्तदाब: मॅनिटॉलने लघवी धो-धो होते, मग दाब पडतो. सलाईन उलट दाब धरून ठेवतं.

तपासण्या: मॅनिटॉलला किडनी आणि ऑस्मोलॅलिटी (रक्तातल्या विरघळलेल्या कणांचं प्रमाण), सलाईनला दर काही तासांनी सोडियम.

हाताळणी: थंडीत मॅनिटॉलच्या बाटलीत खडे धरतात. उजेडात धरून बघा. दिसले तर कोमट करून विरघळवा आणि फिल्टर लावूनच द्या.

जीव वाचण्यात दोघांपैकी कुणाचीही सरशी सिद्ध नाही.

दाब कमी किंवा किडनी नाजूक असेल तर सलाईन. सोडियम आधीच चढलेलं असेल तर मॅनिटॉल. हृदय कमकुवत असेल तर दोन्ही जपूनच. आणि पेशंट साठीच्या आतला, अर्धा मेंदू सुजलेला असेल तर बाटली लावता लावताच न्यूरोसर्जनला फोन करा. कवटी उघडायची शस्त्रक्रिया स्ट्रोक सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत व्हायला हवी.