व्हॉइसमेल फोनमध्ये नसतोच: नव्या आयफोनवरचे आठ महिने

गेल्या नोव्हेंबरात सहा वर्षं वापरलेला ॲन्ड्रॉइड फोन बाजूला ठेवून आयफोन घेतला. कॅमेरा आणि बॅटरीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी लिहितोय व्हॉइसमेलबद्दल, म्हणजे फोन उचलला नाही तर पलीकडचा माणूस बोलून ठेवतो त्या निरोपांच्या पेटीबद्दल. त्याच्यापायी माझा अख्खा डिसेंबर गेला.

भारतातून अमेरिकेत नवीन आलेल्यांना हे प्रकरण किती महत्त्वाचं आहे ते कळत नाही. मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. आपली सवय मिस कॉलची. नंबर दिसला की आपण परत फोन लावतो. इथं न्यू जर्सीत दवाखाना, मुलीची शाळा, गॅरेज, सगळे एकदाच फोन करतात, निरोप ठेवतात आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपतो. निरोप ऐकला नाही तर चूक तुमची.

सेटअप सोपा वाटला. फोन ॲपमध्ये व्हॉइसमेल, मग 'सेट अप नाऊ', पासवर्ड दोनदा, आणि ग्रीटिंग, म्हणजे निरोप ठेवणाऱ्याला आधी ऐकू येणारं बोलणं. डीफॉल्ट ग्रीटिंग ठेवू नका, ते फक्त नंबर वाचून दाखवतं. दवाखान्यातली माणसं योग्य माणसाच्या पेटीत बोलतोय ना हे नावावरून ताडून बघतात. रुग्णांची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या 1996 च्या हिपा कायद्यामुळे ते निरोपात आजाराबद्दल फार बोलत नाहीत, नाव सांगून 'परत फोन करा' एवढंच म्हणतात. मी नाव सावकाश, तोडून तोडून रेकॉर्ड केलं. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "बँकेतून बोलतोयस का?" चौथ्या वेळी जमलं.

आणि मग निरोप येणंच बंद झालं.

मला वाटलं, कुणी करतच नसेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फेब्रुवारीतली वेळ मिळाली होती, 'आधी जागा झाली तर कळवू' म्हणाले होते. डिसेंबरात सहज फोन केला तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, आम्ही मंगळवारी निरोप ठेवला होता, तुमचं उत्तर आलं नाही म्हणून ती वेळ दुसऱ्याला दिली. माझ्या फोनमध्ये मिस कॉल होता. व्हॉइसमेलची यादी मात्र कोरी.

मोबाईल कंपनीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच मंत्र: फोन बंद करून चालू करा, एअरप्लेन मोड लावून काढा, नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. रीसेट केल्यावर घरातल्या, ऑफिसातल्या, सासऱ्यांकडच्या सगळ्या वायफायचे पासवर्ड उडाले, निरोप काही आले नाहीत. (हे करायच्या आधी वायफायचे पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.)

खरी गोम एका रविवारी सापडली. *#61# डायल केलं की 'उत्तर न दिलेला कॉल कुठं जातो' ते स्क्रीनवर दिसतं. *#62# म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना, *#67# म्हणजे लाइन बिझी असताना. तिन्हींपुढे एकच अनोळखी नंबर होता. कंपनीच्या व्हॉइसमेलचा तो नव्हता. पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर आठवलं: चार वर्षांपूर्वी स्पॅम कॉलला कंटाळून एक व्हॉइसमेल ॲप घेतलं होतं, आणि त्यानं सांगितलेला 004 असलेला कोड मीच डायल केला होता. हे फॉरवर्डिंग, म्हणजे कॉल दुसऱ्या नंबराकडे वळवणं, फोनमध्ये नसतं, नेटवर्कवर तुमच्या नंबरापुढे लिहिलेलं असतं. नंबर तोच, कंपनी तीच, त्यामुळे फोन बदलला तरी ते जागचं हललं नाही. माझे निरोप महिनाभर त्या ॲपच्या पेटीत पडत होते आणि ते ॲप नव्या फोनवर नव्हतंच.

##004# डायल केलं आणि हे तिन्ही प्रकारचं फॉरवर्डिंग पुसलं गेलं. पण इथं दुसरा खड्डा आहे. काही कंपन्यांत यानंतर त्यांची स्वतःची पेटी आपोआप परत जोडली जाते, काहींत जात नाही. माझी नाही गेली. फोन नुसता वाजत राहायचा. शेवटी चौथ्या फोनवर वरच्या पातळीवरचा एक माणूस भेटला, त्यानं त्यांच्या बाजूनं व्हॉइसमेल काढून पुन्हा लावला, आणि दहा मिनिटांत यादी दिसू लागली. तेव्हा पहिल्याच फोनला सांगा, 'माझा व्हॉइसमेल तुमच्याकडून काढून पुन्हा लावा.' आणि हे *# वाले कोड सगळीकडे चालत नाहीत. व्हेरायझन या कंपनीत फॉरवर्डिंग लावायला *71 आणि काढायला *73, आणि पेटी ऐकायला *86.

फोन किती वेळ वाजून पेटीत जावा हेही नेटवर्कवरच ठरतं. पाचाच्या पटीत, जास्तीत जास्त 30 सेकंद. मी 30 करून घेतले. थंडीत हातमोजे काढून कोटाच्या आतल्या खिशातून फोन काढेपर्यंत 20 सेकंद कुठं पुरतात?

लाइव्ह व्हॉइसमेल (आयओएस 17 पासून, म्हणजे 2023 पासून) मला मनापासून आवडलं. पलीकडचा माणूस बोलत असताना शब्द स्क्रीनवर उमटतात, आणि मध्येच फोन उचलता येतो. यात फोन स्वतःच निरोप घेतो, जुन्या काळच्या टेबलावरच्या आन्सरिंग मशीनसारखा. फोन बंद असेल तर मात्र कॉल कंपनीच्याच पेटीत जातो, म्हणून ती पेटी नीट हवीच. माझ्याकडे ते इंग्रजीच समजतं. आई पुण्याहून बोलली, 'आई बोलतेय', तर स्क्रीनवर 'आय बोल्ट टी' असलं काहीतरी आलं. तक्रार नाही, तिचा आवाज जसाच्या तसा राहतो.

जानेवारीत पुण्याला गेलो तेव्हा अमेरिकेची लाइन बंदच ठेवली. चालू ठेवून कॉल उचलला नाही, तर तो भारतात येऊन परत अमेरिकेतल्या पेटीत जातो आणि दोन्ही बाजूंचे रोमिंगचे पैसे लागू शकतात. बंद असेल तर तो तिकडेच पेटीत पडतो. आठवड्यातून एकदा भावाच्या फोनवरून माझाच नंबर लावायचो, ग्रीटिंग सुरू झालं की * दाबून पासवर्ड टाकायचो. काही कंपन्यांत * ऐवजी # असतं. हे जगातल्या कुठल्याही फोनवरून करता येतं, म्हणूनच पासवर्ड 1234 ठेवू नका. इंग्लंडमध्ये लोकांच्या पेट्या अशाच चोरून ऐकल्या गेल्या आणि 2011 मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे वर्तमानपत्र त्यात बंद पडलं.

ब्लॉक केलेल्या नंबरांचे निरोप यादीच्या तळाशी वेगळे पडलेले असतात. महिन्यातून एकदा तिथं डोकावतो. एकदा आमचा प्लंबर तिथं सापडला. त्याला मीच कधीतरी स्पॅम समजून ब्लॉक केलं होतं.

पुढच्या महिन्यात स्वस्त प्लॅनसाठी कंपनी बदलतोय. बदलली की जुनी पेटी जाते, म्हणून आईचे सहा निरोप शेअर करून फाइल्समध्ये ठेवलेत. त्यातल्या एकात ती सुरुवातीलाच 'टोननंतर बोला' सांगणाऱ्या रेकॉर्डिंगमधल्या बाईला म्हणते, "बरं बरं, बोलते की."