गुडघा बदललेल्या माणसाला घेऊन सातारा: एका जीपवाल्या मामांच्या सेवेबद्दल

दसरा झाला आणि आप्पांनी सुरू केलं, "औंदा ठोसेघर दाखीव." आप्पा माझे वडील, शहात्तर वर्षांचे. उजवा गुडघा दीड वर्षापूर्वी बदललाय. गेल्या वर्षी एका सहल कंपनीच्या बसनं त्यांना नेलं होतं. ठोसेघरला चाळीस मिनिटं दिली, त्यातच चहा आणि बाथरूम. आप्पा तिकीट खिडकीपाशीच बसून राहिले आणि धबधब्याचा नुसता आवाज ऐकून परत आले. तो दिवस माझ्या मनातून जात नव्हता. म्हणून या वेळी सांगलीहून आदल्या दिवशीच साताऱ्याला बहिणीकडे मुक्कामाला गेलो आणि तिच्या शेजाऱ्यांनी सांगितलेल्या एका जीपवाल्या मामांना दिवसभरासाठी ठरवलं. भाडं २८०० रुपये ठरलं, तिकिटं आणि खाणं आमचं.

मामांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो पायाचा. "चढताना दुखतंय का उतरताना?" मी सांगितलं, उतरताना. त्यावर त्यांनी सगळा क्रम लावला. उतरण जास्त आहे ते सकाळी, पाय ताजे असताना. मग चढ. शेवटी ठोसेघर, कारण सकाळी दरीत धुकं असलं तर एवढं लांब जाऊन हाती काही लागत नाही. मी कासचं विचारलं, तर म्हणाले, "बहर सरला ताई, उगा पैसं नका घालवू." भांबवलीच्या वजराईचं विचारलं, तर सरळ नाही म्हणाले. तीन टप्प्यांत कोसळणारा तो धबधबा बघायला जंगलातली निसरडी वाट चालावी लागते. दोन ठिकाणांचं भाडं हातचं सोडणारा माणूस, तिथंच माझा विश्वास बसला.

साडेसातला निघालो. पुण्याच्या रस्त्याला लागून लिंब फाट्यावरून आत, बारा मोटेच्या विहिरीवर. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी ही बांधून घेतली. आमराईला पाणी देण्यासाठी एका वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायच्या चामड्याच्या पिशव्या, चालतील अशी सोय, विहीर अष्टकोनी, आणि वर चक्क दगडी महाल. मामा आप्पांच्या पुढं एक पायरी खाली राहून उलटे उतरत होते, हात न धरता, पण धरता येईल इतक्या अंतरावर. "नाना, हितं दम खावा. फुडल्या पायऱ्या उंच हायती."

वर मोटेच्या जागेवर आल्यावर आप्पा थांबले. तासगावकडं आमच्या मळ्यात लहानपणी त्यांनी मोट हाकलेली आहे. दगडाच्या कडेवर तळहात ठेवून ते मामांना सांगायला लागले: मोटेला दोर दोन, जाड तो नाडा, तो मोटेच्या तोंडाला, बारीक तो सोंदूर, तो सोंडेला, म्हणजे पाणी सोडायच्या खालच्या नळीला. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, खाली गेले की मोट वर येते, सोंदूर ताणून सोंड थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या कुंडीत, मोकळी होते. "आन् पाणी थारोळ्यात पडताना जो आवाज येतो न्हवं पाव्हणं, त्यो आईकला की बैल आपसूक मागं फिरायचं." अर्धा तास गेला. मामांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, उलट धाव किती लांब असायची ते विचारत बसले. मी माझ्या वडिलांना इतकं सलग बोलताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

परत साताऱ्यातून, बोगद्यातून सज्जनगड. गाडी पायऱ्यांच्या तळापर्यंत जाते. पूर्वीचा हा परळीचा किल्ला, शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये घेतला आणि तीन वर्षांनी समर्थ इथं राहायला आले. पहिल्या महाद्वाराच्या सावलीत आप्पांना बसवलं, दुसऱ्या द्वारात पुन्हा. राममंदिराखालच्या तळघरात समाधी आहे. तिथं खाली आप्पा गेले नाहीत, वर रामापुढंच हात जोडून उभे राहिले. दुपारच्या महाप्रसादाला गव्हाची खीर होती, घट्ट, गुळाची. धाब्याच्या मारुतीपाशी वारा लागतो आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. कडेला सोनकी अजून पिवळीधमक होती.

ठोसेघरला तीन वाजता पोचलो. ऑक्टोबरात धार बारीक होते हे खरं, पण पावसाळ्यात ढगांमुळं दरी दिसत नाही ती आता तळापर्यंत दिसते. समोरच्या बाजूनं, कठड्याच्या मागून बघायचं असतं, त्यामुळं चाल थोडी आणि बेताची आहे. मामांनी पुढं जाऊन एका कुटुंबाला विनंती केली आणि आप्पांना कठड्याशी जागा करून दिली. आप्पा काही बोलले नाहीत. धार मध्येच वाऱ्यानं वाकडी व्हायची, तेवढं बोटानं दाखवत राहिले. पाऊण तास.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जीपच्या मागच्या बाकांना पट्टे नाहीत, घाटातल्या वळणांवर म्हाताऱ्या माणसाला पुढंच बसवा. आणि पायरी उंच आहे, चढायला लाकडी पाट लागतो. तो मामा सोबत ठेवतात, पण ओला असला की घसरतो. त्याखाली रबराचा तुकडा मारा असं मी सांगितलंय, ते करतील. शनिवार-रविवार टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी गडावर आणि ठोसेघरलाही निवांत मिळतं. आप्पांना पाणी आणि चपला सोडून काही न्यावं लागलं नाही. काठी, छत्री, बसायला घोंगडं सगळं जीपमध्ये होतं.

संध्याकाळी राजवाड्यापाशी कंदी पेढे घेतले. आप्पांनी त्यातला पाव किलोचा पुडा काढून मामांच्या हातात दिला आणि विचारलं, "अजिंक्यताऱ्यावर गाडी कुठवर जाती?" मामा म्हणाले, "दरवाजापतोर जाती नाना. माघात या, ऊन कवळं आसतं." तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.