अर्ध्या व्हायलची इम्युनोथेरपी: निव्होलुमॅब 20 मिलिग्रॅम

तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर परत उलटला, ऑपरेशनच्या पलीकडे गेला, की निव्होलुमॅबचं नाव निघतं. हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं इंजेक्शन. खर्चाचा आकडा कळला की बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. लेबलवरचा डोस 240 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. परळच्या टाटा मेमोरियलने तपासलेला डोस 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. म्हणजे सहा आठवड्यांत 720 च्या जागी 40.

एवढ्याशा औषधाने काय होणार? पण डोस वाढवला की परिणामही वाढला, असा या औषधाचा स्वभावच नाही. ते टी-पेशींवरच्या (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच्या) पीडी-1 नावाच्या ब्रेकला जाऊन चिकटतं. पहिल्या चाचण्यांतच किलोमागे 0.3 मिलिग्रॅम दिलं काय आणि 10 दिलं काय, चिकटण्याचं प्रमाण साधारण सारखंच आढळलं होतं. 50 किलोच्या पेशंटला 20 मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे 0.4.

2023 साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आलेल्या या चाचणीत 151 पेशंट होते. सगळ्यांना तीन गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. निम्म्यांना वर हे इंजेक्शन. वर्षभराने फक्त गोळ्यांच्या गटात 16.3 टक्के हयात होते, इंजेक्शनच्या गटात 43.4. मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) 6.7 महिन्यांवरून 10.1 वर गेलं. तीव्र दुष्परिणाम वाढले नाहीत (50 आणि 46.1 टक्के).

आता खोट. ही चाचणी पूर्ण डोसशी तुलना करत नाही. ‘20 मिलिग्रॅम म्हणजे 240 च्या तोडीचंच’ असं कोणी सांगितलं तर ते या आकड्यांतून निघत नाही. निघतं ते इतकंच, की इंजेक्शन न देण्यापेक्षा एवढं देणं बरंच चांगलं. शिवाय केंद्र एकच, आणि पेशंट हिंडते-फिरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हेच आकडे लावू नयेत.

इंजेक्शनचं काम सोपं दिसतं, पण गफलत तिथेच होते. 40 मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) 4 मिलि द्रव असतो, त्यातला 2 मिलि एका पेशंटचा. उरलेला अर्धा भाग पुढच्या खेपेला चालत नाही, कारण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवलेली उघडी व्हायल कोणी पुढे केली तर सरळ नाही म्हणा. म्हणून एकाच दिवशी दोन पेशंट बोलवायचे आणि निर्जंतुक हुडखाली दोन्ही डोस काढायचे. जिथे हे जमत नाही तिथे अर्धं औषध आणि अर्धे पैसे वाया. व्हायल हलवून फेसाळू नये, ती 2 ते 8 अंशांत हवी, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. लेबलप्रमाणे तयार द्रावण मिलिलिटरमागे 1 ते 10 मिलिग्रॅम असावं, त्यामुळे 20 मिलिग्रॅम नेहमीच्या 100 मिलि सलाइनमध्ये टाकलं की ते फारच पातळ होतं. 20 मिलिच्या आत ठेवलेलं बरं. लाइनमध्ये फिल्टर, वेळ अर्धा तास.

खरी डोकेदुखी गोळ्यांची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला 9 मिलिग्रॅम. मध्यम बांध्याच्या माणसाला 2.5 च्या पाच-सहा गोळ्या. चुकून रोज घेतल्या तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. पाकिटावर वार ठळक लिहून घ्या. सेलेकॉक्सिब 200 मिलिग्रॅम दोनदा. मूत्रपिंड कमजोर असेल तर ही जोडी जड जाते, म्हणून क्रिएटिनिन पाहत राहायचं. एर्लोटिनिब 150 मिलिग्रॅम, उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी. सोबत सवयीने दिलेली ॲसिडिटीची ओमेप्राझोल त्याची रक्तातली मात्रा जवळपास निम्मी करते. बिडी चालू असेल तर तीही मात्रा उतरवते. (हे पेशंट डॉक्टरांना क्वचितच सांगतात, विचारावं लागतं.) नाकातून नळी असेल तर गोळी पाण्यात विरघळवून देता येते.

जुलाब लागले तर घोटाळा होतो. एर्लोटिनिबचे असतील तर लोपरामाइड आणि डोस कमी करून भागतं. निव्होलुमॅबने आतड्याला सूज आली असेल तर स्टेरॉइड लागतं, आणि नुसतं लोपरामाइड देत बसलं तर दुखणं झाकलं जातं. रक्त पडलं, पोट दुखलं किंवा गोळी थांबवूनही जुलाब चालूच राहिले, की दुसरी शक्यता धरायची. कोरडा खोकला आणि धाप याहून वाईट, कारण निव्होलुमॅब, मेथोट्रेक्सेट, एर्लोटिनिब यांपैकी कोणतंही औषध फुफ्फुसाला सूज आणू शकतं. अशा वेळी सगळं थांबवून सीटी स्कॅन. डोस कमी म्हणून थायरॉइडची तपासणी टाळू नये; टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सुरुवातीला आणि मग साधारण दर सहा आठवड्यांनी.

खर्च परवडत नसेल तर या पद्धतीला माझे पाचपैकी चार गुण. पूर्ण डोस परवडत असेल तर याच्याकडे वळण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. सुरू करण्याआधी डे-केअरमध्ये एक विचारून घ्या: बिल अर्ध्या व्हायलचं लावणार की अख्ख्या? दुसरा पेशंट त्या दिवशी आलाच नाही तर उरलेल्याचे पैसे कोणी भरायचे?