स्क्रीनवर कंपनीचं नाव दिसावं म्हणून: ब्रँडेड कॉलिंग काही महिने वापरल्यानंतर

घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीत बाहेर जाणाऱ्या कॉल्सची जबाबदारी माझ्याकडे आहे. टेक्निशियन निघाला की एक कॉल, पत्ता सापडला नाही की एक, पार्ट आला की एक, पैसे राहिले की आणखी एक. तक्रार ग्राहकानेच नोंदवलेली असते. तरीही तोच ग्राहक अनोळखी नंबर म्हणून आमचा फोन कापतो आणि संध्याकाळी ‘कोणी आलंच नाही’ अशी दुसरी तक्रार टाकतो. या त्रासापायी आम्ही ब्रँडेड कॉलिंग घेतलं, म्हणजे फोन वाजताना समोरच्याच्या स्क्रीनवर कंपनीचं नाव, लोगो आणि कॉलचं कारण दाखवणारी सेवा. सेवा कुणाची ते लिहीत नाही, कारण खटकलेल्या बहुतेक गोष्टी या प्रकाराच्याच आहेत, कुणा एका कंपनीच्या नव्हेत.

आधीच सांगून टाकायचं तर सेवा चालू ठेवली आहे. टेक्निशियन निघाल्याचा कॉल आता बहुतेक वेळा पहिल्या खेपेत उचलला जातो. पण ‘नाव दिसलं की लोक फोन उचलतात’ हे गणित सगळ्याच कॉल्सना लागू पडत नाही. शिवाय नाव कुठे, कसं आणि किती दिसेल यावर पैसे मोजणाऱ्याचा ताबा फार थोडा असतो, आणि हे विक्रीच्या बैठकीत कोणी सांगत नाही.

मुळात कॉलसोबत जातो तो नंबर. नाव जाईलच असं नाही. अमेरिकेत लँडलाइनच्या काळापासून चालत आलेली सीनॅम, म्हणजे फोन लावणाऱ्याचं नाव दाखवण्याची पद्धत बघितली की हे स्वच्छ कळतं. तिथे फोन लावणाऱ्याकडून नंबर येतो आणि ज्याला फोन लागला त्याची टेलिकॉम कंपनी त्याच वेळी डेटाबेसमध्ये तो नंबर शोधून नाव काढते. नावाला जागा १५ अक्षरांची, मधल्या रिकाम्या जागा धरून. डेटाबेसही सगळ्यांचा एकच नाही, त्यामुळे एकाला तुमचं नाव दिसतं आणि दुसऱ्याला त्या नंबरच्या आधीच्या मालकाचं.

बरेच जण ऑफिसच्या पीबीएक्समध्ये, म्हणजे आतल्या फोन एक्स्चेंजमध्ये, ‘कॉलर नेम’च्या रकान्यात कंपनीचं नाव भरतात आणि काम झालं असं धरून चालतात. आतल्या एक्स्टेंशनवर ते झकास दिसतं. कॉल बाहेरच्या नेटवर्कवर गेला की पुढची कंपनी त्या रकान्याकडे बहुधा ढुंकूनही बघत नाही. त्यात काहीही लिहिता येतं, मग त्यावर भरवसा कोण ठेवणार?

आज मोबाइलवर नाव पोचायच्या वाटा तीन-चार आहेत. एक टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कमधून. दुसरी, स्पॅम ओळखण्यासाठी त्यांनी नेमलेल्या ॲनालिटिक्स कंपन्यांकडून. अमेरिकेत एटी अँड टीसाठी हिया, टी-मोबाइलसाठी फर्स्ट ओरियन आणि व्हेरायझनसाठी टीएनएस हे काम करतात. तिसरी, २००९ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ट्रूकॉलरसारख्या ॲपमधून. आणि चौथी थेट फोन किंवा त्याची सिस्टिम बनवणाऱ्याकडून: गूगलने २०२० मध्ये व्हेरिफाइड कॉल्स आणले, त्यात नाव-लोगोबरोबर कॉलचं कारणही दिसायचं; ॲपलने बिझनेस कनेक्टमधून कॉलवर व्यवसायाचं नाव, लोगो आणि विभाग दाखवण्याची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केली. या सगळ्यांच्या वर एकाचाच हुकूम चालतो, तो म्हणजे ग्राहकाने स्वतः सेव्ह केलेल्या नावाचा. लोगो कितीही देखणा करून घ्या, ज्याने आम्हाला ‘फ्रिजवाले उद्धट’ म्हणून सेव्ह केलंय त्याच्या स्क्रीनवर तेच झळकतं.

सेवा सुरू झाली त्या दिवशी ऑफिसातले जुने-नवे सगळे फोन एका टेबलावर मांडले आणि एकाच नंबरवरून प्रत्येकाला कॉल लावला. एका फोनवर नाव, लोगो, कारण, सगळं अगदी जाहिरातीतल्यासारखं. त्याच्या शेजारच्यावर नाव होतं, लोगो नव्हता. तिसऱ्यावर पहिली रिंग नुसत्या नंबरची, नाव दुसऱ्या रिंगनंतर उगवलं. तोपर्यंत घाईतला माणूस कापून मोकळा झालेला असतो. एका जुन्या फोनवर देवनागरीतल्या नावाच्या जागी चौकोनांची रांग आली. एकाचा डेटा बंद होता, तिथे ॲपला काही शोधताच आलं नाही. आणि एका सहकाऱ्याच्या फोनवर ॲपने दाखवलं ते कुणीतरी पूर्वी त्या नंबराला चिकटवलेलं नाव, जे इथे लिहिण्यासारखं नाही. सेवा घेण्याआधी ही टेबलाची चाचणी जरूर करा, आणि विकणाऱ्याने आणलेल्या फोनवर करू नका.

नोंदणीचं काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. कंपनी नोंदणीचे कागद, नंबर आपलेच असल्याचा पुरावा, सही-शिक्क्याचं अधिकारपत्र, लोगो आपला असल्याचं काहीतरी. खरा विचार नावावर करायचा. आमचं कागदोपत्री नाव एक, पाटीवरचं दुसरं आणि लोकांच्या तोंडी तिसरंच. हिशेब विभागाला कागदावरचं हवं होतं. ते लांबलचक आहे, अर्ध्यात कापलं जातं आणि उरलेल्या अर्ध्यावरून आम्ही बांधकामवाले वाटतो. शेवटी पाटीवरचं, रोमन लिपीत, दोन छोट्या शब्दांत घेतलं. नुसतं ‘कस्टमर केअर’ चालतं का तेही विचारून पाहिलं. नाकारलं, आणि बरोबरच नाकारलं, कारण फसवणारेही स्वतःला तेच म्हणवतात. लोगो देताना चौकोनी चित्र मागतात, पण बऱ्याच स्क्रीनवर तो गोल कापून दाखवला जातो. आमच्या आडव्या लोगोची दोन्ही टोकं उडत होती, म्हणून फक्त पहिल्या अक्षराचं चित्र ठेवलं.

पैसे वसूल झाले ते कारणाच्या ओळीमुळे. ही ओळ आधी मंजूर करून घ्यावी लागते, ऐनवेळी मनाला येईल ते लिहिता येत नाही. सुरुवातीला ‘तुमच्या तक्रारीबाबत’ अशी ओळ होती. एका आजींनी फोन उचलला तो ‘मी कुणाची तक्रार केली हो?’ असं विचारतच. तक्रार मुलाने नोंदवली होती, नंबर आजींचा दिला होता. आता ‘आजची सर्व्हिस भेट’ असं येतं आणि पलीकडून पहिलं वाक्य येतं, ‘या, दार उघडंच आहे.’ नुसत्या नावापेक्षा या ओळीने जास्त फरक पडला, असं आमचे टेलिकॉलरही म्हणतात आणि मलाही तसंच दिसतं.

टेक्निशियन मात्र स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावायचे, आणि तिथे अर्थातच काही दिसत नव्हतं. त्यासाठी कॉल ॲपमधून कंपनीच्या नंबरवरून जोडायची सोय केली: टेक्निशियनने बटण दाबलं की सिस्टिम दोघांना जोडते. पहिल्या मांडणीत ग्राहकाला आधी रिंग जायची. तो उचलून ‘हॅलो, हॅलो’ करतो, पलीकडे शांतता. रोबोकॉलची, म्हणजे मशीनने आपोआप लावलेल्या कॉलची, हीच तर खूण असते, त्यामुळे लोक नाव बघूनही फोन ठेवायचे. क्रम उलटा करून घेतला, आधी टेक्निशियन आणि मग ग्राहक, तेव्हा कुठे ते थांबलं. डेमोत असल्या गोष्टी दिसत नाहीत.

आता आकड्यांबद्दल. डॅशबोर्डवर ‘उचललेले कॉल’ असा मोठा हिरवा आकडा असतो, त्याच्यावर जाऊ नका. उचलून दोन सेकंदांत ठेवलेला कॉल त्यात धरलेला असतो आणि व्हॉइसमेलवर गेलेलाही. आम्ही बोलण्याची लांबी बघायला लागलो आणि काही याद्या मुद्दाम अर्ध्या नावासह, अर्ध्या नावाशिवाय चालवल्या. भेटीच्या कॉलमध्ये फरक ढळढळीत होता. पार्ट आल्याच्या कॉलमध्येही होता. जुन्या ग्राहकांना वार्षिक करार विकण्याच्या कॉलमध्ये जवळजवळ काहीच नाही. आणि थकबाकीच्या कॉलमध्ये उलटंच झालं: नाव दिसायला लागल्यापासून फोन कमी उचलले गेले. का ते उघड आहे. अनोळखी नंबर कुतूहलापोटी उचलणारा माणूस पैसे मागणाऱ्याचं नाव बघून शांतपणे फोन उलटा ठेवतो. त्याला दोष तरी काय द्यायचा, नाव दिसण्याचा हेतूच मुळी समोरच्याला ठरवता यावं हा आहे. बिल मात्र नाव दाखवल्याचं लागतं, मग तो उचलो वा न उचलो.

नाव घेतलं म्हणून स्पॅमचा शिक्का चुकत नाही. लाल पट्टी लागते ती नंबराच्या वागणुकीवरून: थोड्या वेळात खूप कॉल, बहुतेक काही सेकंदांचे, परत येणारे फोन कमी, लोकांनी केलेल्या तक्रारी जास्त. आमच्या एका नंबराला ती लागली, कारण विक्रीचे आणि सर्व्हिसचे कॉल त्याच नंबरवरून जात होते. लोगोच्या खाली ‘स्पॅम असू शकतो’ ही ओळ, म्हणजे नाव जाहीर करून बदनामी. हरकत नोंदवून ते काढून घेता आलं, पण प्रत्येक ॲनालिटिक्स कंपनीकडे आणि ॲपकडे पाठपुरावा करावा लागला. अशा वेळी नंबर बदलत राहा असा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. सतत नवे नंबर वापरणं हेच फसवणाऱ्यांचं लक्षण मानलं जातं, आणि नव्या नंबराची नोंदणीही पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

दुसरा कोणी आमचं नाव लावून फोन करेल का, हा प्रश्न आमच्या मालकांनी पहिल्याच बैठकीत विचारला होता. अमेरिकेत यासाठी स्टर-शेकन नावाची नंबर पडताळण्याची पद्धत आहे. तिथल्या दूरसंचार नियामकाने मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत ते इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये लागू करायला लावलं. कॉल सुरू करणारी टेलिकॉम कंपनी डिजिटल सही करते आणि दर्जा देते. ग्राहक ओळखीचा आणि नंबर वापरायचा हक्कही त्याचाच, तर ‘ए’. ग्राहक माहीत पण नंबराची खात्री नाही, तर ‘बी’. कॉल नुसता दुसरीकडून आपल्या दारातून आत आला, तर ‘सी’. यात तपासला जातो तो नंबरावरचा हक्क. नाव खरं की खोटं हे त्यावरून ठरत नाही. वाटेत जुन्या पद्धतीचं नेटवर्क लागलं तर सही तिथेच गळून पडते. नाव, लोगो आणि कारणही याच सहीच्या आत बांधण्याची सोय ‘रिच कॉल डेटा’ या नावाने तयार झाली आहे. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने अशीच पडताळणी सक्तीची केली.

भारतात वेगळीच वाट धरली आहे. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये सीएनएपीच्या, म्हणजे फोन लावणाऱ्याचं नाव नेटवर्कनेच दाखवण्याच्या पद्धतीच्या, शिफारशी दिल्या. त्यात नाव घेतलं जातं ते सिम घेताना भरलेल्या अर्जातलं, म्हणजे लोकांनी ठेवलेल्या नावांवर चालणाऱ्या ॲपपेक्षा पाया पक्का. व्यवसायांना अर्जातल्या नावाऐवजी नोंदणीकृत ट्रेडमार्क किंवा जीएसटीतलं व्यापारी नाव दाखवता यावं, असंही त्यात म्हटलं आहे. ज्या कंपन्यांची सिमकार्ड मालकाच्या किंवा कधीच सोडून गेलेल्या मॅनेजरच्या नावावर आहेत त्यांनी ती आत्ताच कंपनीच्या नावावर करून घ्यावीत, नाहीतर ग्राहकाच्या स्क्रीनवर त्या मॅनेजरचंच नाव येईल. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सेवेच्या कॉलला १६०० ची आणि प्रचाराच्या कॉलला १४० ची मालिका वापरायला सांगितलं. तिथे नावाआधी नंबराच्या सुरुवातीवरूनच कळतं की कॉल कशाचा आहे. मला ही विभागणी फार पटते, कारण आमची लाल पट्टी नेमकी ती न पाळल्याने आली होती.

नव्या फोनमध्ये आणखी एक प्रकार वाढतोय. आयफोनच्या आयओएस २६ या सिस्टिममध्ये ही सोय चालू केली असेल तर अनोळखी नंबराला फोनच विचारतो, कोण बोलतंय आणि कशासाठी. आमचे टेलिकॉलर सुरुवातीला गडबडायचे, रेकॉर्डिंग समजून फोन ठेवायचे. आता त्यांना एकच वाक्य दिलंय: कंपनीचं नाव, कोणतं उपकरण, किती वाजताची भेट. ते वाक्य समोरच्याला स्क्रीनवर लिहून दिसतं आणि तो बहुधा उचलतो. यासाठी कुणाला छदामही द्यावा लागत नाही.

परतीच्या कॉलचं आधी बघा, मग नावाचं. मिस्ड कॉलमध्ये आमचं नाव बघून लोक उलट फोन करायला लागले, आणि सुरुवातीचे काही दिवस तो नंबर ‘ही सेवा उपलब्ध नाही’ म्हणून सांगायचा. नाव दिसत नव्हतं तोवर हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता तो थेट त्या दिवसाच्या भेटी बघणाऱ्या टेबलावर वाजतो. सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान तिथे एक माणूस वाढवावा लागला.

सध्याची मांडणी अशी आहे: भेटी आणि पार्टचे कॉल नाव-कारणासह एका नंबरवरून, विक्रीचे वेगळ्या नंबरवरून, थकबाकीसाठी कॉलऐवजी आधी मेसेज. नूतनीकरणाच्या वेळी विक्रीचा नंबर यातून काढणार आहे, आणि बिल दाखवलेल्या कॉलऐवजी ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त चाललेल्या कॉलवर लावा असं मागून बघणार आहे. विक्रीवाल्याने ‘वर विचारून सांगतो’ म्हटलंय.